चोवीस तासांचे होल्टर: रत्नागिरीतील एका निदान केंद्राचा दोन खेपांचा अनुभव

मे महिन्यात एकदा आणि डिसेंबरमध्ये पुन्हा एकदा, असे दोन वेळा मी रत्नागिरीतील एका खासगी निदान केंद्रातून चोवीस तासांचे होल्टर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद करणारे यंत्र, लावून घेतले. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी लिहायच्या आहेत आणि दुसऱ्या खेपेस त्याच लोकांनी त्यांतल्या बऱ्याच दूर केल्या. कर्करोगाच्या उपचारांदरम्यान किंवा उपचार संपल्यावर ज्यांच्या छातीत धडधडते, ज्यांना ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि ज्यांना डॉक्टरांनी ‘एकदा होल्टर करून घ्या’ असे सांगितले आहे, त्यांना या परीक्षणाचा उपयोग व्हावा. हे यंत्र लावून घरी कसे वावरायचे आणि २,२०० रुपये मोजून हाती काय पडते, हे मला आधी कोणी नीट सांगितले असते, तर माझी पहिली खेप अर्धी वाया गेली नसती.

नावापासूनच गोंधळ होतो. रत्नागिरीजवळच्या आमच्या पावस गावातल्या आवाठात सगळे त्याला ‘होल्डर’ म्हणतात आणि ‘होल्डर लावायला रत्नागिरीला चालले आहे’ असे सांगितल्यावर शेजारच्या काकांनी घरातला कोणता दिवा बिघडला म्हणून विचारले होते. होल्टर हे अमेरिकेतील मोंटाना प्रांतातल्या नॉर्मन होल्टर या संशोधकाचे आडनाव आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बनवलेले पहिले यंत्र सुमारे ३८ किलो वजनाचे होते आणि ते पाठीवर वाहावे लागे. आज मिळते ते काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असते, त्यात एक पेन्सिल सेल घालतात आणि गळ्यात अडकवायच्या कापडी पिशवीत ते मावते. दवाखान्यातला साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांची नोंद करतो. धडधड नेमकी त्याच दहा सेकंदांत होईल, अशी अपेक्षा धरता येत नाही, म्हणून हा चोवीस तासांचा खटाटोप करायचा.

माझ्या आजाराची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. डाव्या स्तनाचा कर्करोग, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात शस्त्रक्रिया, त्यानंतर चार लाल केमो, म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड, मग १२ आठवडे पॅक्लिटॅक्सेल आणि एप्रिलमध्ये रेडिएशनचे १५ शेक. तिसऱ्या लाल केमोनंतरच्या दुसऱ्या रात्री मी डाव्या कुशीवर झोपले असताना पहिल्यांदा ते जाणवले. विहिरीत कळशी सोडल्यावर दोर क्षणभर सैल पडतो आणि मग भरलेल्या कळशीचा हिसका हाताला बसतो, तसे छातीत काहीतरी सैल पडले आणि लगेच एक जोरकस हिसका बसला. मी उठून बसले, यजमानांना उठवले, पाणी प्यायले आणि पहाटेपर्यंत मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजत राहिले. मोजताना मधूनच एखादा ठोका हाताला लागत नव्हता. ‘काळजाचा ठोका चुकला’ हा वाक्प्रचार शाळेत ३१ वर्षे मी मुलांना वाक्यात उपयोग करायला दिला होता. त्या रात्री तो माझ्या वाट्याला आला.

पुढच्या फेरीत परळला ईसीजी, २डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन ९.२ होते, उलट्यांमुळे अंगातले पाणी कमी झाले होते, केमोबरोबर दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनमुळे तीन-तीन रात्री झोप नव्हती आणि थायरॉइड, पोटॅशियम ठीक होते. रक्त कमी असले की हृदय अधिक वेगाने काम करते, स्टेरॉइडने ते चेतवले जाते आणि जागरणाने त्यात भर पडते, इतके कळले. इकोवर हृदयाची पंप करण्याची क्षमता ६० टक्के होती, म्हणजे सामान्य. माझ्या मनात खरी भीती लाल औषधाची होती, कारण ते हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते हे सगळ्याच रुग्णांच्या कानावर असते. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर गणित मांडून दाखवले. शरीराच्या दर चौरस मीटरमागे ६० मिलिग्रॅम, असे चार वेळा म्हणजे २४०. हा धोका एकूण मात्रेबरोबर वाढत जातो आणि आयुष्यभराची मर्यादा साधारण ४५० ते ५५० च्या दरम्यान मानली जाते. त्या कागदाने बरेच समाधान झाले, पण धडधड काही थांबली नाही. शेक संपून गावी आल्यावरही ती रात्री येतच राहिली, तेव्हा रत्नागिरीच्या हृदयरोगतज्ज्ञांनी होल्टरची चिठ्ठी दिली.

पहिली खेप मे महिन्यातली. केंद्र स्वच्छ आहे, बसायला पुरेशा खुर्च्या आहेत, पिण्याचे पाणी आहे आणि दिलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटांहून जास्त थांबावे लागले नाही, हे सर्व त्यांच्या बाजूने नोंदवते. मात्र आतल्या खोलीत छातीवर यंत्राच्या वायरी जोडायच्या पट्ट्या चिकटवायला आलेला तंत्रज्ञ तरुण मुलगा होता. मुलगा अदबशीर होता, पण स्तन काढलेल्या बाईच्या छातीवर पट्ट्या कुठे चिकटवायच्या, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. माझा शेक संपून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि डाव्या बाजूची कातडी तव्यावर करपलेल्या पोळीसारखी काळी पडून सोलत होती. त्याने नेहमीच्या सवयीने स्पिरिटचा बोळा घेऊन तीच जागा पुसायला हात पुढे केला. मी त्याचा हात थांबवला. “काकू, मशीनला हीच जागा लागते,” असे तो म्हणाला. मी डॉक्टरांना फोन लावायला सांगितल्यावर मात्र त्याने तो लगेच लावला आणि ठोक्यांचा ताल ओळखण्यासाठी पट्ट्या थोड्या सरकवल्या तरी चालतात, असे उत्तर आले. मग खांद्याच्या हाडाखाली, उरोस्थीवर आणि बरगड्यांच्या खालच्या कडेला, शेक न लागलेल्या कातडीवर पट्ट्या बसल्या. ज्यांना नुकतेच रेडिएशन झाले आहे त्यांनी हे तोंडाने सांगावे, चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि वेळ ठरवतानाच महिला तंत्रज्ञ मागून घ्यावी. महिला तंत्रज्ञ त्या केंद्रात आहे. विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत, एवढेच.

सूचना मिळाल्या त्या तीन: आंघोळ करायची नाही, मोबाइल यंत्राच्या जवळ ठेवायचा नाही आणि नेहमीची सगळी कामे करायची. तिसऱ्या सूचनेवर फारसा जोर दिला जात नाही, पण तीच सर्वांत महत्त्वाची आहे, असे माझे आता मत झाले आहे. मी पहिल्या खेपेस काचेच्या बरणीसारखी स्वतःला जपत पलंगावर बसून राहिले. असे चोवीस तास टिपून घेऊन काय उपयोग?

मे महिन्यात आमच्याकडे हवा कशी असते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. रात्री साडेबाराला लाइट गेली, पंखा थांबला आणि घामाच्या धारा लागल्या. पहाटे अडीचच्या सुमारास एक पट्टी सुटली, पाठोपाठ दुसरी सुटली. सोबत जादा पट्ट्या दिलेल्या नव्हत्या. घरातली जखमेवरची चिकटपट्टी लावून पाहिली, पण ओल्या अंगावर ती धरेना. सकाळी भाट्ये पुलावरून एसटीने जाताना पिशवीतले यंत्र मी दोन्ही हातांनी धरून बसले होते, जणू काही तेवढ्याने रात्रीची नोंद परत येणार होती. चोवीसपैकी साधारण साडेपंधरा तासांचीच नोंद वापरण्याजोगी निघाली.

केंद्राबद्दल माझी मोठी तक्रार आहे ती अहवालाची. तो तिसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी साडेसातला व्हॉट्सअॅपवर आला. पाने ३४, सगळी इंग्रजीत, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत व्हीपीसी वारंवार आढळल्याचा शेरा. व्हीपीसी म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून अवेळी उठणारे ठोके, एवढे मी शोधून काढले आणि पुढे जे जे वाचले त्याने माझी झोप उडाली. केंद्र रविवारी बंद, डॉक्टर सोमवारी सकाळी दहाला. कर्करोगातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बाईला दोन रात्री तो शब्द घेऊन काढाव्या लागल्या. सोमवारी डॉक्टरांनी तो शेरा यंत्राने आपोआप छापलेला असल्याचे सांगितले आणि पेनने त्यावर काट मारली. अहवाल डॉक्टरांनी पाहून सही केल्यावरच रुग्णाकडे पाठवावा, अशी लेखी सूचना मी केंद्राच्या वहीत लिहून आले.

त्याच सोमवारी डॉक्टरांनी मला जे समजावले, त्यासाठी एरवीही मी २,२०० रुपये दिले असते. ते म्हणाले, “बाई, ठोका चुकत नाही. तो वेळेआधी पडतो.” एखादा ठोका नेहमीच्या जागेऐवजी दुसरीकडून, ठरलेल्या वेळेच्या आधी उठतो. तोवर हृदयाचा कप्पा पुरता भरलेला नसतो, त्यामुळे त्या ठोक्याने पुढे ढकललेले रक्त थोडे असते आणि त्याची लाट मनगटापर्यंत नीट पोहोचत नाही. त्यानंतर हृदय नेहमीपेक्षा किंचित जास्त थांबते, त्या विरामात कप्पा अधिक भरतो आणि पुढचा ठोका जोरात बसतो. म्हणजे माझी कळशी आणि तिचा हिसका अगदीच चुकीचा नव्हता. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला जवळ येते आणि रात्री आजूबाजूला शांतता असते, म्हणून तो हिसका तेव्हा अधिक जाणवतो. असे ठोके धडधाकट माणसांच्या नोंदीतही सर्रास सापडतात. बहुतेकांना ते कळतही नाहीत, असे त्यांनी सांगितले. साडेपंधरा तासांत घाबरण्यासारखे काही नव्हते. कातडी भरून येऊ द्या, रक्त वाढू द्या आणि हिवाळ्यात त्रास राहिलाच तर पूर्ण चोवीस तासांचे पुन्हा करू, असे ठरले.

त्रास राहिला. पूर्वीपेक्षा कमी, पण राहिला. डिसेंबरमध्ये दुसरी वेळ घेताना मी व्यवस्थापकांशी बोलले आणि पहिल्या खेपेची अडचण मान्य करून त्यांनी निम्मे, म्हणजे १,१०० रुपये घेतले. या वेळी महिला तंत्रज्ञ होती. तिने आधी विचारले, “काकू, शेक कुठल्या बाजूला झालाय?” कातडी कोरड्या कापडाने घासून पट्ट्या बसवल्या, प्रत्येक वायरीचा एक वळसा कागदी चिकटपट्टीखाली दाबला, म्हणजे हिसका बसला तरी पट्टीवर ताण येऊ नये, आणि चार जादा पट्ट्या पाकिटात घालून दिल्या. एवढी साधी गोष्ट मे महिन्यात झाली असती तर! पुढून बटणे असलेला गाऊन किंवा सैल ब्लाउज घालून जावे, म्हणजे पुन्हा पुन्हा अंग उघडे करावे लागत नाही. गळ्यातले मंगळसूत्र तिने काढायला सांगितले. ते मी रुमालात बांधून यजमानांकडे दिले.

आता ज्या कागदाकडे केंद्रातले लोक सर्वांत कमी लक्ष देतात, त्याविषयी. यंत्राबरोबर एक पानाचा तक्ता मिळतो. वेळ, काय करत होता आणि काय जाणवले, असे तीन रकाने असतात. आमच्याकडे तो इंग्रजीत आहे आणि देताना “काही झालं तर लिहा” एवढेच सांगतात. माझ्यासमोर आलेल्या तिघा रुग्णांचे तक्ते परत करताना कोरे होते. शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे कोरा रकाना मला बघवत नाही, म्हणून दुसऱ्या खेपेस मी तो मराठीत, भिंतीवरचे घड्याळ यंत्राच्या घड्याळाशी जुळवून, मिनिटाबरहुकूम भरला. ‘दुपारी २.५०, चहा, काही नाही.’ ‘संध्याकाळी ६.४०, समुद्रावरून पाखाडी चढून घरी, दम लागला, हिसका नाही.’ ‘रात्री १०.१५, डावी कूस, दोन हिसके.’ ‘रात्री १.२०, अंगातून वाफ निघाल्यासारखी, घाम, जोराची धडधड.’ ‘पहाटे ५.०५, जाग आली, एक हिसका.’ यंत्रावर एक लहान बटणही असते, जाणवले की ते दाबायचे. मी दोन्ही केले.

डॉक्टरांनी संगणकावर नोंद उघडली आणि माझा तक्ता शेजारी ठेवून एकेक वेळ शोधली. रात्री १०.१५ ला पडद्यावर दोन रुंद, ओबडधोबड ठोके दिसले आणि प्रत्येकापुढे मोकळी जागा. पहाटे ५.०५ ला तसाच एक. रात्री १.२० ला मात्र एकही अवेळी ठोका नव्हता. ताल अगदी शिस्तीत होता, फक्त वेग १०८ वर गेला होता. कर्करोगासाठी मी आता घेते त्या लेट्रोझोलच्या गोळीने अंगातून अशी उष्णतेची लाट येते, तिचाच तो वेग. मला एकच वाटणारी धडधड प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टींची होती, हे त्या तक्त्याशिवाय कळलेच नसते. आणि ६.४० ला पाखाडीच्या चिऱ्यांवरून चढताना वेग १२८ पर्यंत पोहोचला होता, त्या अर्ध्या तासात एकही अवेळी ठोका नव्हता. विश्रांतीत येणारे आणि श्रमाबरोबर नाहीसे होणारे ठोके सहसा निरुपद्रवी असतात, हे डॉक्टरांनी सांगितले, पण सांगण्यापेक्षा ती रेषा बघण्याने माझे काम केले. तोवर सहा महिने मी ती पाखाडी टाळून रस्त्याने वळसा घालून जात होते.

आकडे असे होते: चोवीस तासांत एकूण ९८,४०० च्या आसपास ठोके, त्यांतले अवेळी ६१२, म्हणजे एक टक्क्याहून कमी. एकापाठोपाठ रांगेने आलेले नव्हते, दोन सेकंदांपेक्षा मोठा विराम नव्हता. अशा ठोक्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ लागले की हृदयाच्या पंपावर परिणाम होतो का, हे बघत राहावे लागते. माझ्यापासून ते बरेच दूर आहे. गोळी हवी असल्यास देता येईल, पण गरज नाही, असे ते म्हणाले. मी घेतली नाही. ६१२ पैकी मला जाणवलेले जेमतेम ११ होते. उरलेले सहाशे माझ्या नकळत येऊन गेले आणि त्यांतले कित्येक मी जाऊबाईंशी गप्पा मारत कुळीथ निवडत होते तेव्हाचे होते.

या सेवेकडून काय अपेक्षा धरू नये, तेही लिहायला हवे. होल्टर ताल दाखवते. हृदयाचा स्नायू किती ताकदीने आकुंचन पावतो, हे ते दाखवत नाही. लाल औषध किंवा ट्रास्टुझुमॅब हे स्तनाच्या कर्करोगावरचे दुसरे औषध घेतलेल्यांना त्यासाठी इकोच करावा लागतो आणि होल्टर ‘नॉर्मल’ आले म्हणून ठरलेला इको चुकवणे बरोबर नाही. आठ-पंधरा दिवसांतून एकदाच धडधडत असेल तर चोवीस तासांत काहीच सापडण्याची शक्यता कमी. त्यासाठी आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ चिकटून राहणारे पॅच असतात, ते या केंद्रात नाहीत. धडधडीबरोबर चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, शुद्ध हरपली असेल, छातीत दुखत असेल, सपाट झोपल्यावर दम लागत असेल, पायांवर सूज येत असेल किंवा धडधड श्रम करताना सुरू होत असेल, तर होल्टरची वेळ मिळण्याची वाट बघत बसू नये, सरळ रुग्णालयात जावे. उलट्या-जुलाब चालू असताना आलेली धडधडही, पोटॅशियम तपासल्याशिवाय, घरी अंगावर काढू नये.

ठाण्याच्या भाच्याने मधल्या काळात एक मनगटी घड्याळही आणून दिले होते. ते नाडी मोजते आणि अवेळी ठोक्याची लाट मनगटापर्यंत पोहोचतच नसल्यामुळे मधूनच ४८ असा आकडा दाखवून घाबरवते. दर दहा मिनिटांनी ते बघायची सवय लागली, म्हणून मी ते कपाटात ठेवले.

गैरसोयींपैकी सर्वांत मोठी म्हणजे लावायला एक आणि काढायला एक अशा दोन फेऱ्या. पावसहून ते जमते, पण माझ्यासमोर राजापूरकडच्या खेड्यातून आलेल्या एक आजी होत्या, त्यांना रात्री मुक्कामाला नातेवाईक शोधावे लागले. मराठी तक्त्याबद्दल मी दोनदा सांगितले. दुसऱ्या वेळी स्वागतकक्षातल्या मुलीने माझ्याच भरलेल्या तक्त्याची झेरॉक्स काढून ठेवली. तिचे पुढे काय झाले ते कळलेले नाही. अहवाल मात्र डिसेंबरमध्ये डॉक्टरांच्या सहीसह, मंगळवारी सकाळी आला.

पाचपैकी पहिल्या खेपेला मी दोन तारे देईन आणि दुसरीला चार. एक राखून ठेवला आहे, तो त्या इंग्रजी कागदासाठी. शक्य असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वेळ घ्यावी. उन्हाळ्यात घ्यावीच लागली तर जादा पट्ट्या मागितल्याशिवाय केंद्रातून बाहेर पडू नये. माझा पुढचा इको मार्चमध्ये आहे. होल्टर पुन्हा करण्याची गरज नाही, असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले आहे. हिसका अजून येतो, बहुतेक रात्री दहा-सव्वादहाला, आणि मी कूस बदलते.